वेस्ट व्हर्जिनियाचा कौल

संख्येने अल्प असलेल्या समाजाच्या मनात एक शंका कायम घर करून असते. आपल्यातला कुणी बहुसंख्यांसमोर उभा राहिला, तर ते त्याची योग्यता पाहतील की त्याचा धर्म? या प्रश्नाचे उत्तर घरात बसून तर्काने मिळत नाही; कुणीतरी पुढे होऊन ते मागावे लागते. १९६० साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्यात एका कॅथोलिक उमेदवाराने ते मागितले. त्या घटनेकडे वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे निवडणुकीचे तिकीट कुणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत मात्र आपल्या पक्षाचा उमेदवार कोण असावा, याविषयी सामान्य मतदारही कौल देतात. या पक्षांतर्गत निवडणुकीला तेथे ‘प्रायमरी’ म्हणतात. १९६० साली ती थोड्याच राज्यांत होत असे आणि उमेदवारीच्या नाड्या राज्योराज्यीच्या पुढाऱ्यांच्या हाती असत. त्यामुळे प्रायमरी जिंकली म्हणजे उमेदवारी मिळाली, असे नव्हते. आपण निवडून येऊ शकतो, हे पुढाऱ्यांना पटवून देण्याचे ते एक साधन होते.

जॉन केनेडी हे तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे बेचाळीस वर्षांचे सिनेटर होते. घरची श्रीमंती अफाट, वक्तृत्व उत्तम, युद्धातील पराक्रम सर्वांना ठाऊक. तरीही त्यांची बाजू लंगडी मानली जाई, कारण ते कॅथोलिक होते. १९२८ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ या पहिल्या कॅथोलिक उमेदवाराचा दारुण पराभव झाला होता. स्मिथ निवडून आले तर देशाचा कारभार रोमहून चालेल, अशा कंड्या त्या वेळी पिकवल्या गेल्या. ती जखम पुढाऱ्यांच्या स्मरणात ताजी होती. पेन्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स हे स्वतः कॅथोलिक. पण कॅथोलिक उमेदवार टिकाव धरील, याची खात्री त्यांनाही वाटत नव्हती.

५ एप्रिल १९६० रोजी विस्कॉन्सिनमध्ये केनेडींनी मिनेसोटाचे सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांचा पराभव केला. त्यांना सुमारे ५६ टक्के मते पडली, परंतु दहा मतदारसंघांपैकी सहाच हाती लागले. मतांची फोड करणाऱ्यांनी लगेच निष्कर्ष काढला, की हा विजय कॅथोलिक वस्त्यांनी दिलेला आहे. जिंकूनही केनेडींच्या पदरी काही पडले नाही. सारे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावे लागणार होते.

आणि पुढचा मुक्काम होता वेस्ट व्हर्जिनिया. तेथे कॅथोलिक शंभरात जेमतेम पाच. केनेडींच्या गोटाने केलेल्या आधीच्या पाहणीत ते ७० विरुद्ध ३० असे पुढे होते; विस्कॉन्सिननंतरच्या पाहणीत हम्फ्री ६० विरुद्ध ४० असे पुढे गेले. मधल्या काळात केनेडी बदलले नव्हते. ते कॅथोलिक आहेत, एवढेच लोकांना कळले होते.

केनेडींनी तो विषय टाळला नाही. २१ एप्रिल रोजी वॉशिंग्टनमध्ये वृत्तपत्रांच्या संपादकांपुढे त्यांनी स्पष्ट केले, की आपण कॅथोलिकांचे उमेदवार म्हणून उभे नाही. खाणकामगारांच्या सभांतून ते विचारीत: नौदलात भरती होताना मला कुणी धर्म विचारला होता का? माझा भाऊ अखेरच्या कामगिरीवर विमानात चढला, तेव्हा त्याला कुणी विचारले होते का? त्या डोंगरी राज्यातील घराघरांतून मुलगे युद्धावर गेले होते. हा प्रश्न त्यांच्या काळजाला भिडला.

सत्य सांगायचे तर पैशाचे बळही मोठे होते. केनेडींच्या दिमतीला घरचे विमान होते, तर औषधविक्रेत्याचा मुलगा असलेले हम्फ्री बसने हिंडत होते आणि कर्जात बुडत होते. स्थानिक पुढाऱ्यांना पैसे चारल्याचे आरोपही केनेडींच्या माणसांवर झाले. धर्माच्या तराजूत केनेडी हलके होते, पण धनाच्या तराजूत दुबळे होते ते हम्फ्री. हे विसरून त्या विजयाचे पोवाडे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१० मे रोजी मतदान झाले. केनेडींना २,३६,५१० मते पडली, हम्फ्रींना १,५२,१८७. त्याच रात्री हम्फ्रींनी माघार जाहीर केली. यातील विलक्षण गोष्ट अशी, की विस्कॉन्सिननंतरच हम्फ्री बाजूला झाले असते, तर केनेडी या राज्यात बिनविरोध जिंकले असते आणि त्या विजयाने काहीच सिद्ध झाले नसते. प्रतिस्पर्ध्याच्या जिद्दीनेच त्यांना हवा तो पुरावा मिळवून दिला. मग पुढाऱ्यांची शंका ओसरू लागली. जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात पहिल्याच फेरीत केनेडींची निवड झाली.

पूर्वग्रह काही एका रात्रीत विरला नाही. सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर केनेडींना पुन्हा तेच उत्तर द्यावे लागले, आणि नोव्हेंबरमध्ये ते देशभरात जेमतेम एक लाखाच्या मताधिक्याने निवडून आले. मात्र वेस्ट व्हर्जिनियाला ते विसरले नाहीत. यंत्रांमुळे काम गमावलेले खाणकामगार सरकारी धान्यावर कसे जगतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. गरजूंना अधिक अन्न मिळावे, हा त्यांचा पहिला अध्यक्षीय आदेश होता.

असे अनपेक्षित निकाल पुढेही लागले. १९६८ साली न्यू हॅम्पशरमध्ये युजीन मॅकार्थी या कॅथोलिक सिनेटरने ४२ टक्के मते मिळवली. ते हरले, पण त्याच महिन्यात अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा न लढण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० साली जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले होते. साउथ कॅरोलायनाने त्यांना तारले आणि ते दुसरे कॅथोलिक अध्यक्ष झाले. त्या वेळी त्यांच्या धर्माविषयी पूर्वीसारखा गहजब झाला नाही. साठ वर्षांत एवढे अंतर कापले गेले.

आपणही येथे संख्येने थोडेच आहोत. शेजारी आपल्याला कौल देणार नाही, असे आपण पुष्कळदा त्याला न विचारताच ठरवून टाकतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या मतदारांविषयी जाणत्यांनीही तेच ठरवले होते. त्या खाणकामगारांना संधी मिळाली, तेव्हा त्यांनी जाणत्यांना खोटे पाडले.