गोडी छाटणी आणि गोठलेली द्राक्षे

निफाड तालुक्यात ‘द्राक्षे गोठली’ हे शब्द आनंदाने उच्चारलेले मी कधी ऐकले नाहीत. डिसेंबर २०१८च्या अखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्या खाली उतरला आणि पानांवरचे दव गोठले, तेव्हा माझ्या मामांच्या बागेत रात्रभर शेकोट्या पेटलेल्या होत्या. पहाटे विहिरीचे कोमट पाणी ठिबकने सोडायचे, धूर बागेत कोंडून ठेवायचा आणि उजाडल्यावर मणी तडकले का ते पाहायचे. तडकला नाही तरी मणी गुलाबी पडण्याची भीती असतेच. त्याला बागाईतदार ‘पिंक बेरी’ म्हणतात आणि निर्यातीच्या मालातून असे मणी बाजूला पडतात.

याच गोठण्यातून जगातली एक अतिशय महाग गोड वाइन तयार होते, हे प्रथम वाचले तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती.

तिचा जन्मही तसा नाइलाजातूनच झाला. १८२९ साली जर्मनीत बिंगनजवळच्या ड्रोमर्सहाइम गावात द्राक्षे इतकी हलकी आली की शेतकऱ्यांनी ती वेलीवरच सोडून दिली. पुढे हिवाळा कडक पडला. ११ फेब्रुवारी १८३० रोजी गुरांना घालण्यासाठी म्हणून ती गोठलेली द्राक्षे काढली, तर दाबल्यावर निघालेला रस मधासारखा दाट होता. त्याहीआधी, १७९४ साली, वुर्त्सबुर्गकडे असेच घडल्याची गोष्ट सांगितली जाते. ड्रोमर्सहाइमचा दाखला मात्र अधिक पक्का मानला जातो. ‘आइसवाइन’ची ही सुरुवात एका फसलेल्या हंगामातली आहे, कुणा रसिकाच्या कल्पनेतली नव्हे.

त्यामागचे शास्त्र सोपे आहे. पाणी आधी गोठते, साखर विरघळलेला रस उशिरा. उणे सात-आठ अंशांत मण्यातल्या पाण्याचा बर्फ होतो. द्राक्षे गोठलेली असतानाच, बहुधा रात्री किंवा पहाटे, खुडून दाबली की बर्फ मागे राहतो आणि साखर व आंबटपणा दोन्ही एकवटलेला रस थेंबथेंब गळतो. कॅनडात त्या रसाला किमान ३५ ब्रिक्स गोडी लागते. आपल्याकडे निर्यातीचा माल साधारण १८च्या आसपास काढतात, यावरून अंदाज यावा. कॅनडाच्या इनिस्किलिन वायनरीची १९८९ची आइसवाइन १९९१ साली बोर्दोच्या ‘विनएक्स्पो’त मोठे पारितोषिक घेऊन गेली आणि नायगारा परिसराचे नाव जगभर झाले. शीतगृहात गोठवलेल्या द्राक्षांच्या वाइनला तिथे हे नाव लावता येत नाही. द्राक्ष वेलीवरच गोठायला हवे.

आपल्याकडे हे होणे नाही. मुळात दख्खनला द्राक्षाची वाइन ही परकी वस्तू होती. कौटिल्य द्राक्षरसाच्या ‘मधु’चे प्रकार सांगतो तेव्हा ‘कापिशायन’ हे नाव देतो, आणि कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख. नाशिकला द्राक्ष रुजले ते अलीकडे. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली लागवड केली, असे सांगतात. इथे वेल थंड देशातल्यासारखी झोपी जात नाही, म्हणून तिला माणसानेच वेळापत्रक दिले. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. गोडीसाठी वेगळी छाटणी, असे नाव ठेवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो.

१९९९ साली सुरू झालेल्या ‘सुला’ने पुढे ‘लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक’ ही गोड वाइन काढली, ती याच हवामानाला धरून. बर्फाचे काम इथे उन्हाकडे दिले आहे. घड नेहमीपेक्षा जास्त दिवस वेलीवर ठेवायचे, पाणी उडून मणी सुरकुतायला लागले की खुडायचे. बेदाण्याच्या वाटेवर मध्येच थांबण्यासारखे आहे ते.

कागदावर हे सोपे वाटते. पण ते जास्तीचे दिवस फेब्रुवारी-मार्चचे असतात. २०१४ साली याच दिवसांत गारपिटीने नाशिक जिल्ह्यातल्या बागा झोडपल्या होत्या. पक्षी, मधमाश्या, कूज यांचा हिशेब निराळाच. वाइनच्या पुस्तकांत तयार करणाऱ्याचे नाव येते, पण आभाळाकडे बघत घड राखणाऱ्याचे सहसा येत नाही. आणि आभाळ तिकडेही बदलते आहे. निफाडला दव गोठल्यानंतरच्याच हिवाळ्यात, २०१९-२०मध्ये, जर्मनीत पुरेशी थंडी पडली नाही आणि कोणत्याही विभागात आइसवाइनची खुडणी झाली नाही. वेलीवर राखलेली द्राक्षे तशीच गेली.

ही वाइन चांगली गार, लहान पेल्यात, पन्नास-साठ मिलीच द्यावी. सोबतचा पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा, नाहीतर तीच आंबट लागते. म्हणून फराळाच्या ताटातले अनारसे आणि करंज्या दूर ठेवाव्यात. खारे शंकरपाळे किंवा खारवलेले काजू बरे. श्रीखंडाबरोबर ती देण्याची चूक मी एकदा केली आहे.

गेल्या दिवाळीत मामांना मी असा अर्धा पेला दिला. साठ वर्षे द्राक्षात घालवलेला माणूस, वाइन मात्र पहिल्यांदाच घेत होता. त्यांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला, पेला उजेडासमोर धरला आणि विचारले, “छाटणीपासून किती दिवसांचा माल असंल रे हा?”