हुरड्याचं मत, कुरडयांचं मत

आजीला निवडणुकीचं साल विचारलं तर ते तिला कधी सांगता यायचं नाही. त्या दिवसांत घरात काय शिजत होतं, ते मात्र ती बरोब्बर सांगायची. तिनं पहिलं मत दिलं ते हुरड्याच्या दिवसांत, म्हणजे १९५१-५२च्या हिवाळ्यात. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. आजोबा शाळामास्तर, त्यामुळे केंद्रावरची नेमणूक चुकायची नाही. दमणीत गवत अंथरून त्यावर लोखंडी पेट्या रचल्या आणि ते घोंगडी पांघरून निघाले. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं असायचं. कुठे बैलजोडी, कुठे झोपडी, कुठे हत्ती. शिक्का मारायची भानगड नव्हती, मनातल्या पेटीत कागद टाकायचा. असल्या लाखो पेट्या मुंबईला विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात घडल्या होत्या. आजोबांच्या दमणीत पेट्या किती, यावर आमच्याकडे अजून वाद आहे. आजी अकरा म्हणायची, आत्याला नऊ आठवतात. थंडीबद्दल मात्र दोघींचं एकमत. रात्री शाळेच्या पडवीत शेकोटी पेटली, कुणाच्या तरी शेतातून कणसं आली, गोवऱ्यांच्या आरात भाजून हुरडा झाला आणि सोबत तिळाची चटणी. पुढे निवडणुकीचा विषय निघाला की आजोबा आधी त्या चटणीबद्दल बोलायचे.

त्याच निवडणुकीचं पहिलं मतदान बर्फाच्या धाकानं झालं. हिमाचलातल्या चिनी आणि पांगी या भागांत हिवाळ्यात वाटा बंद होतात, म्हणून तिथे ऑक्टोबर १९५१मध्येच मतदान उरकून घेतलं. चिनी म्हणजे आताचं कल्पा. तिथले श्याम शरण नेगी देशाचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. आमच्या आजोबांसारखेच मास्तर. नोव्हेंबर २०२२मध्ये ते गेले, तेव्हा शंभरी कधीच ओलांडलेली होती. जायच्या तीनच दिवस आधी त्यांनी घरी बसून टपाली मत दिलं होतं. ती बातमी मी आजीला वाचून दाखवली. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "मास्तर होते ना, चुकतीन कसे?"

सांगायचं हे, की तेव्हा हवेकडे बघून तारीख धरली होती. १९६२ आणि १९६७ला लोकसभेचं मतदान फेब्रुवारीत झालं, १९७१ आणि १९७७ला मार्चमध्ये, १९८०ला तर जानेवारीत. तुरीच्या शेंगा उकडून खायचे, भरीत-कळण्याच्या भाकरीचे दिवस. १९९१ला मेच्या उन्हात मतदान सुरू झालं आणि राजीव गांधींच्या हत्येमुळे उरलेलं १२ आणि १५ जूनवर, मृगात गेलं. पण घडी खरी बदलली ती २००४पासून. त्या वर्षी लोकसभा मुदतीआधी फेब्रुवारीत विसर्जित झाली आणि मतदान एप्रिल-मेमध्ये आलं. पुढची प्रत्येक लोकसभा पाच वर्षं पुरती चालली. ही चांगलीच गोष्ट, पण तिच्यापायी दर खेपेचा मुहूर्त उन्हाळ्यातच अडकून बसला.

आमच्याकडे ऊन म्हणजे वाळवणं. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळून घ्यायचा आणि पहाटे चीक शिजवायचा. गच्चीवरच्या खाटेवर धुतलेली साडी पसरून सोऱ्यानं कुरडया घालायच्या. अशाच एका सकाळी, २००९ असावं, आई चिकाच्या हातानंच मत द्यायला गेली. केंद्रावरच्या पोरीनं आधी ओल्या फडक्यानं तिचं बोट पुसलं आणि मग शाई लावली. दुपार झाली की आमच्याकडे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. त्यामुळे रांगा लागतात त्या सकाळी सातला, नाहीतर उन्हं उतरल्यावर.

ती संध्याकाळची रांग म्हणजे काय, ते २०२४ला माझ्या धाकट्या बहिणीनं बघितलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत तिची ड्यूटी होती. २४ एप्रिलला पुसदच्या सभेत बोलता बोलता नितीन गडकरींना भोवळ आली आणि लगेच २६ला मतदान. सहा वाजता केंद्राची वेळ संपली तरी रांगेत माणसं होती. अशा वेळी शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे चिठ्ठ्या वाटत यायचं असतं, म्हणजे मागून नवं कुणी घुसत नाही. शेवटचं मत पडलं तेव्हा अंधार झाला होता. मग यंत्रांना लाखेची मोहर करायची. मेणबत्तीच्या ज्योतीवर लाख वितळवायची, म्हणून पंखा बंद. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली, दारं-खिडक्या लावून, ती चौघं मेणबत्तीभोवती बसली होती. बहिणीच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता आणि तो कागदावर पडू नये म्हणून ती मान मागे धरून सही करत होती. घरी आल्यावर दोन दिवस तिचं डोकं ठणकत होतं.

तरी ती घरी आली. १ जूनला शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात मतदानाच्या कामावरची ३३ माणसं उष्म्यानं गेली. होमगार्ड, सफाई कामगार, अशी. हा आकडा त्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितला. त्यांच्या घरीही कुणीतरी पन्हं करून वाट बघत असेल, हे माझ्या मनातून जात नाही. ३ जूनला मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार म्हणाले, की मतदान महिनाभर आधी संपायला हवं होतं. तो महिना आधीच का मिळू नये? मुदत कधी संपणार, हे पाच वर्षं आधी ठाऊक असतं.

आजीचं त्या खेपेचं मत घरीच झालं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांसाठी ती सोय होती आणि आजी चौऱ्याण्णवची. भर दुपारी दोन कर्मचारी, एक पोलीस आणि कॅमेरावाला पोरगा, अशी मंडळी आली. पुठ्ठ्याचा आडोसा केला, कागदाची मतपत्रिका दिली. आजीनं पेटीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "एकच?" मग मत झाल्यावर तिनं मला माठातलं पाणी आणायला लावलं आणि काठी टेकत स्वतः आत गेली. परत आली ती पदरात चार कांदे घेऊन. "ऊन लागत नाही यानं. खिशात ठेवा, बापा." कर्मचारी जरा घुटमळले, काही घ्यायचं नसतं ना. कॅमेरावाल्या पोरानं मात्र तिच्या हातातून एक कांदा उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. गाडीत बसेपर्यंत तो खिसा फुगलेला दिसत होता.