सादरीकरण साचा

सादरीकरण साचा ही संगणकीय सादरीकरणासाठी एकदा तयार करून पुनःपुन्हा वापरता येणारी संचिका होय. तीत प्रत्यक्ष आशयाऐवजी शीर्षक, मजकूर व चित्रे यांच्या जागा, रंगसंगती आणि टंक निश्चित केलेले असतात. पॉवरपॉइंटमध्ये साचा ‘पीओटीएक्स’, तर लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये ‘ओटीपी’ या प्रकारात जतन होतो.

रचना

साच्याचा पाया म्हणजे स्लाइड मास्टर. त्यात बोधचिन्ह किंवा टंक बदलल्यास तो बदल त्यावर आधारलेल्या सर्व स्लाइडांवर उमटतो. मजकूर वेगळ्या चौकटीत न लिहिता मांडणीतील राखीव जागेत लिहिल्यासच हा लाभ मिळतो.

देवनागरीतील वापर

पॉवरपॉइंटच्या साच्यात रोमन व देवनागरी लिपींचे टंक स्वतंत्रपणे नोंदवलेले असतात. त्यामुळे केवळ रोमन टंक बदलल्यास मराठी मजकूर जुन्याच टंकात राहतो. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर, तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. म्हणून साच्यासाठी मुंबईच्या एक टाइप संस्थेच्या ‘मुक्ता’सारखा, खुल्या परवान्याचा युनिकोड टंक सोयीचा ठरतो. रफार, वेलांटी व उकार वरच्या-खालच्या ओळींना भिडू नयेत यासाठी ओळींमधील अंतर रोमन मजकुरापेक्षा अधिक ठेवावे लागते.