‘मूळव्याधच असेल’ : शेगाव, बार्शी, हार्लेम आणि एक न बोललेली गोष्ट

या आठवड्याचा एपिसोड लिहून टाकतोय, कारण काही जणांचा मेसेज आला की ‘संडासातलं रक्त’ हे शब्द घरच्यांसमोर स्पीकरवर वाजले आणि फोन पटकन उलटा ठेवावा लागला. बरोबर आहे. आजचा विषय तोच आहे.

मी शेगावचा. बाहेरच्यांना आमचं गाव दोन गोष्टींमुळे माहीत असतं, गजानन महाराज आणि कचोरी. रेल्वेनं येताना आणखी एक गोष्ट दिसते, पण ती कुणी लक्षात ठेवत नाही. रुळाकाठच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती: मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, अशाच एका भिंतीवरचा पत्ता वाचून गोळ्या आणायला गेले होते. दीड वर्ष त्यांनी त्या गोळ्या खाल्ल्या. रक्त जातंय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, मोठ्या आईलासुद्धा नाही. वजन उतरलं तेव्हा आम्ही म्हणालो, शुगर असेल. शेवटी नागपूरला दुर्बीण घालून तपासलं तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तोही यकृतापर्यंत गेलेला. २०१९ मध्ये ते गेले. ५८ वर्षांचे होते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मोठे बाबा अडाणी नव्हते, पैशांचीही फार अडचण नव्हती. मग ते बोलले का नाहीत? आणि ते कुणाजवळ बोलले असते? याचं उत्तर शोधताना मी आधी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला पोचलो. म्हणजे पुस्तकांतून आणि संशोधनाच्या कागदांतून पोचलो.

बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये तिथं भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. शहरात अशी नोंदणी सोपी असते, हॉस्पिटलात जायचं आणि रजिस्टर उतरवून घ्यायचं. खेड्यात रजिस्टर कुठलं? बाई घरातच दुखणं काढते आणि घरातच जाते. म्हणून डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा रस्ता धरला. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना जमवून बोलले, अंगावरून अवेळी रक्त जाणं म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगितलं आणि असं कुणाला होतंय का ते विचारलं. मुळात हेतू आकडे गोळा करण्याचा होता. पण काही वर्षांत दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया आधीच्या टप्प्यावरच दवाखान्यात यायला लागल्यात. तपासणीची मोहीम नव्हती, नवं मशीन नव्हतं. कुणीतरी विचारत होतं, एवढंच.

याच जमिनीवर पुढचं मोठं काम उभं राहिलं. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया त्यात होत्या. विचार करा, हा भाग कसला? दुष्काळी, ऊसतोडीला जाणारा, आणि ‘तिथली’ तपासणी हा शब्दही तोंडातून न निघणारा. तरी एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या जवळजवळ ८० टक्के बाया तपासून घ्यायला आल्या. घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका नसत्या तर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून असंच काम चाललं होतं. तिथं डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या गटानं दहावी शिकलेल्या बायांना चार आठवडे शिकवलं आणि व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासायला लावलं. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दहावी पास बाया, हे परत एकदा वाचा.

पण थांबा, या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. उस्मानाबादला एका गटातल्या बायांची तपासणी केलीच नव्हती. तुलना करायची म्हणून त्यांना फक्त माहिती दिली होती. एचपीव्ही गटात या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या, या गटात ६४. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी जाहीर विचारलं की तपासणीचा फायदा माहीत असताना या बायांना तसंच का ठेवलं, आणि त्यांना सगळं नीट समजावलं होतं का? संशोधकांचं उत्तर होतं की भारतात तेव्हा तपासणी मिळतच नव्हती, त्यामुळे रोजची परिस्थिती तीच होती. मला दोन्ही बाजू कळतात. पण तो ६४ चा आकडा विसरता येत नाही.

विश्वास तुटला की काय होतं, हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना विचारा. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना इलाज न देता नुसतं ‘बघत’ ठेवलं. त्यानंतर दवाखान्याचं बोलावणं आलं तर माणूस दहादा विचार करणारच. १९९० मध्ये हार्लेमच्या डॉक्टरांनी छापलेला हिशोब अंगावर काटा आणतो: हार्लेममधल्या कृष्णवर्णीय पुरुषाची ६५ व्या वर्षापर्यंत पोचण्याची शक्यता बांगलादेशातल्या पुरुषापेक्षा कमी होती. त्या हिशोबावर नाव असलेले सर्जन हॅरॉल्ड फ्रीमन यांनी त्याच वर्षी एक साधी गोष्ट सुरू केली. पेशंटसोबत वस्तीतलं, ओळखीचं वाटेल असं एक माणूस द्यायचं, जे चिठ्ठीपासून ऑपरेशनपर्यंत बरोबर राहील.

तीच कल्पना पुढे आतड्याच्या कॅन्सरसाठी वापरली गेली. न्यूयॉर्कमध्ये डॉ. जोसेफ रॅव्हेनेल यांनी न्हाव्याच्या दुकानांत आणि वस्तीतल्या इतर अड्ड्यांवर पन्नाशीपुढचे कृष्णवर्णीय पुरुष गाठले. ज्यांच्या मागे असा सोबती लागला, त्यांच्यात तपासणी करून घेणारे साधारण दुप्पट झाले. दुप्पट म्हणजे तरी किती, तर शंभरात अठराच्या आसपास. लाज अशी सहजासहजी जात नाही. २०२० मध्ये ‘ब्लॅक पँथर’वाला चॅडविक बोझमन याच कॅन्सरनं गेला, ४३ व्या वर्षी. चार वर्षं त्यानंही हे जगापासून लपवून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं.

आपल्याकडे हा कॅन्सर तिकडच्यापेक्षा कमी आढळतो. म्हणून सरकारी तपासणीत तीनच कॅन्सर आहेत: तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा. आशाताई घरी येतात तेव्हा त्या तिन्हींचं विचारतात. आतड्याचं विचारायला दार वाजवणारं कुणी नाही. ज्यांच्या घरात सख्ख्या नात्यात हा कॅन्सर झालाय, त्यांनी चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाच्या वयाच्या दहा वर्षं आधी तपासून घ्यावं, असं डॉक्टर सांगतात. तो हिशोब केला तर माझे बाबा कधीच उशिरात निघालेत. ते आता ५५ चे आहेत.

मी त्यांना तीन वर्षं सांगतोय. व्हिडिओ पाठवले, लिंक पाठवल्या, एकदा रडूनही झालं. उत्तर एकच, “मले काही नाही झालं, तू कायले टेन्शन घेतं?”

मग मागच्या महिन्यात त्यांचे वारीतले एक मित्र घरी आले. दरवर्षी महाराजांच्या पालखीबरोबर दोघं पंढरपूरपर्यंत पायी जातात, महिनाभर एका ताडपत्रीखाली झोपतात. चहा घेता घेता ते बाबांना म्हणाले, “म्या अकोल्याले दुर्बिणीतून तपासून घेतलं. झोपेचं इंजेक्शन देतात, कळत बी नाही. तरास काय तो आदल्या रातीचा, ते औषधाचं पाणी पेऊन पेऊन. आन् दोन दिवस कचोरी बंद.”

बाबा हसले. मग बराच वेळ गप्प बसले आणि हळूच विचारलं, “रक्त जात होतं का तुयं?”

मी उठून आत गेलो. माझ्यासमोर ते बोलले नसते.

सोमवारची तारीख मिळालीय. सकाळच्या गाडीनं दोघं अकोल्याला जाणार आहेत. मला मात्र सोबत येऊ नको म्हणून सांगितलंय.