तेवीस किल्ले आणि वीस बाजूंचा फासा



जून उजाडला की इकडे अप्पर हटला संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो. बाहेर पाऊस, रेमुटाकाच्या डोंगरावरून येणारा गार वारा, आणि घरात कंटाळलेली पोरं. गेल्या हिवाळ्यात यावर उपाय म्हणून मी इंजिनियरिंगच्या होस्टेलवर शिकलेला एक खेळ पुन्हा बाहेर काढला, डंजन्स अँड ड्रॅगन्स.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण सूत्रधार, बाकीचे प्रत्येकी एक पात्र. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर भागतं. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं आणि ते जमेल की नाही अशी शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. तलवार चालवायला जसा फासा, तसाच समोरच्याचं मन वळवायलाही फासा.

खेळायला तिघं होती: आमचे चिरंजीव (वय वर्षं आठ), लोअर हटच्या मराठी मित्राची अकरा वर्षांची मुलगी, आणि शेजारचा किवी मुलगा. म्हटलं, ड्रॅगन कशाला, आपला इतिहासच घेऊ. मी निवडला पुरंदर, १६६५. पोरं म्हणजे शिवाजी महाराजांचं सल्लागार मंडळ आणि मी मिर्झा राजा जयसिंग.

पहिल्या अर्ध्या तासात आमच्या मराठी पोरांनी ठरवलं की रात्री जयसिंगाच्या तंबूवर छापा घालायचा. शाहिस्तेखानाची गोष्ट पाठ होती ना! मी परिस्थिती सांगितली. सासवडला मुघलांचा तळ आहे. मार्चच्या अखेरीपासून पुरंदरला वेढा पडलाय. शेजारचा वज्रगड एप्रिलमध्येच गेला. मुरारबाजी देशपांडे पडले. मुघलांच्या तुकड्या आजूबाजूचा मुलूख जाळत फिरताहेत. जयसिंगाने आधीच सिद्दी, पोर्तुगीज, आदिलशाहीतले नाराज सरदार, सगळ्यांना पत्रं पाठवून महाराजांना एकटं पाडायचा घाट घातलाय. मग नाइलाजाने बोलणी करायचं ठरलं. चिरंजीवांनी फासा टाकला आणि पडले एकोणीस!

"बाबा, आता जयसिंगाला सांग, दिल्लीला परत जा!"

मी म्हटलं, असं होत नाही. तर म्हणे, "पण एकोणीस पडलेत!"

गंमत म्हणजे नेमका हाच वाद या खेळाच्या जन्मापासून चालू आहे. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेसली नावाच्या गृहस्थांनी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावावर एक युद्धाचा खेळ रचला. खेळाडू जास्त होते, म्हणून कुणाला महापौर केलं, कुणाला बँकर, कुणाला विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई राहिली बाजूला आणि मंडळी एकमेकांना कोपऱ्यात नेऊन सौदे करत बसली! वेसलींना वाटलं खेळ फसला. खेळाडू मात्र म्हणाले, पुन्हा घ्या. त्या कंपूतल्या डेव्ह आर्नेसननी पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स छापलं. म्हणजे या खेळाचं मूळ तलवारीइतकंच वाटाघाटीतही आहे.

पण छापील नियमात वाटाघाट बसवायची कशी? १९७४ च्या पुस्तकात दोन फाशांची बेरीज करायची. कमी आली तर समोरचा शत्रू, जास्त आली तर मित्र. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 'डिप्लोमसी' हे वेगळं कौशल्य आलं आणि ठरलेला आकडा गाठला की कट्टर वैरीसुद्धा दोस्त व्हायला लागला. होस्टेलवर आम्ही याचा यथेच्छ गैरफायदा घेतलाय :-) २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने थोडी अक्कल वापरली. निकालाबद्दल खरंच शंका असेल तरच फासा टाकायचा. आधी समोरचा माणूस कसा आहे, त्याला काय प्यारं आहे, ते बघायचं.

आमच्या टेबलावर तो प्रश्न शेजारच्या मुलाने विचारला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, हिरो कोण हेही नाही. त्याने सरळ विचारलं, "जयसिंगाला हवंय काय?"

आमची दोघं गप्प. खरं सांगायचं तर जयसिंगाला काही हवं असेल हा विचार मीही शाळेत कधी केला नव्हता.

त्याला बरंच काही हवं होतं. त्याची खरी मोहीम पुढे विजापूरवर होती. पावसाळा तोंडावर आला होता. औरंगजेबाला यश कळवायचं होतं, आणि वेढ्यावरचा दिलेरखान सगळं श्रेय घेऊन जाईल ही चिंता होतीच. मुलीने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग आपण त्याला विजापूरविरुद्ध मदत करू म्हणावं?" मी खुर्चीतून उठलोच. महाराजांनी हेच केलं होतं! आदिलशाहीचा कोकण आणि बालाघाटातला मुलूख मला मिळू द्या, त्याबद्दल बादशहाला चाळीस लाख होन हप्त्यांनी देतो, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हे आपल्याला कळतं ते जयसिंगाच्याच पत्रांतून. 'हफ्त अंजुमन' या फारसी संग्रहात ती टिकली आहेत. जयसिंग खूश झाला, कारण त्यामुळे मराठे आणि विजापूर यांच्यात कायमची पाचर बसणार होती. दोघांनाही फायदा दिसला. तह होतो तो असा.

अर्थात हा काही बरोबरीचा सौदा नव्हता. आधी रघुनाथपंत पंडितराव बोलणी करून आले, आणि जूनमध्ये महाराज स्वतः जयसिंगाच्या तंबूत गेले. जयसिंगाने मुद्दाम त्याच वेळी पुरंदरवर हल्ला चढवायला लावला, तंबूतून दिसेल असा. किल्ल्यातली माणसं वाचावीत म्हणून महाराजांनी पुरंदर सोडायचं मान्य केलं. कलमांची ओढाताण मध्यरात्रीपर्यंत चालली. शेवटी तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. राहिले राजगडासकट बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख. महाराजांना स्वतःला मनसबदारीच्या चाकरीतून सूट मिळाली, आणि मनसब घेतली शंभूराजांच्या नावाने.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. "म्हणजे महाराज हरले?"

मंडळी, आपण परदेशात पोरांना अफझलखान सांगतो, आग्रा सांगतो, पुरंदरचं पान मात्र पटकन उलटतो. मीही तेच करत आलोय. अफझलखानाच्या गोष्टीतही वाघनखांच्या आधी पंताजी गोपीनाथांची वकिली आहे, खानाला वाईहून जावळीत आणणारी. ती आपण एका वाक्यात उरकतो. लढाया लक्षात राहतात, टळलेल्या लढायांचं कुणाला काही नसतं. आमच्या वॉलेसव्हिलमध्ये १८६०-६१ साली बांधलेलं एक लाकडी ब्लॉकहाउस आहे. तारानाकीत युद्ध पेटलं तेव्हा इथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी धास्तीने बांधलेलं. तिथे कधीच लढाई झाली नाही, म्हणून मीही कित्येक महिने त्याच्या जवळून न थांबता जात होतो.

मी त्याला सांगितलं, त्या दिवशी हरले, हो. पण काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं हे त्यांनी स्वतः निवडलं. राजगड ठेवला, माणसं ठेवली. १६७० मध्ये कोंढाणा आणि पुरंदर दोन्ही परत आले, १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. वीसपैकी वीस पडले असते तरी जयसिंग परत गेला नसता. फाशाने माणसाची गरज बदलत नाही. ती ओळखावी लागते.

हे त्याला पटलं असावं. पण मग त्याने विचारलं, "शंभूराजे किती वर्षांचे होते?"

आठ. आणि तह पाळला जाईल याची हमी म्हणून त्यांना जयसिंगाच्या छावणीत यावं लागलं होतं.

तो जरा वेळ फासा हातात घोळवत बसला. मग म्हणाला, "बाबा, तू मला पाठवलं असतंस?"

इतकी वर्षं तो तह मी किल्ले आणि होन या हिशोबातच वाचला होता. मी त्याला खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. फासे तसेच टेबलावर ठेवले आणि सगळ्यांना जेवायला वाढलं.

असो. चू. भू. द्या. घ्या.

आपला,
अप्पर हटकर