संगणकीय टपालाची मुळाक्षरे

संगणकाच्या पडद्यासमोर प्रथमच बसणाऱ्या माणसाला ई-मेलचा जो पहिला पाठ दिला जातो, तो चार-पाच गोष्टींचा असतो. पत्ता कोठे लिहावा, विषय कोठे, प्रत कोणास द्यावी, आलेल्या पत्राला उत्तर कसे धाडावे आणि सोबत एखादा कागद कसा जोडावा. पाठ तासाभराचा, परंतु त्यातील प्रत्येक कलमामागे कोणाची तरी अडचण उभी आहे, आणि त्या अडचणी एकामागून एक दूर होण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. तो इतिहास ठाऊक झाला, म्हणजे यंत्राविषयीचे भय पुष्कळसे ओसरते.

१९६५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत एकच मोठा संगणक अनेक जण निरनिराळ्या ठिकाणांहून वापरीत असत. तेथे टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी एकाने दुसऱ्यासाठी निरोप ठेवण्याची सोय केली. एकाच कचेरीत एका मेजावरील चिठ्ठी दुसऱ्या मेजावर ठेवावी, इतकीच तिची धाव होती. निरोप त्या संगणकाबाहेर जात नसे.

तो बाहेर नेला रे टॉमलिन्सन यांनी, १९७१ साली. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन संगणकांमध्ये अर्पानेट या जाळ्याखेरीज दुसरा दुवा नव्हता. माणसाचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये कोणते चिन्ह घालावे, हा प्रश्न होता. त्यांनी ‘ॲट’ हे चिन्ह निवडले. व्यापारी हिशेबात ‘अमुक दराने’ या अर्थी ते कित्येक वर्षे वापरात होते, आणि माणसांच्या नावात ते कधी येत नसे. अमुक मनुष्य, अमुक ठिकाणी, एवढाच त्याचा अर्थ. लिफाफ्यावर नाव आणि गाव लिहिणाऱ्याला यात नवे काही नाही.

पत्रे वाढली, तशी ती हाताळण्याची अडचण उभी राहिली. आलेली सर्व पत्रे सलग एकाखाली एक उलगडत जात. १९७२ साली लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी त्यांची यादी दिसेल, हवे ते पत्र वाचता येईल आणि नको ते काढून टाकता येईल, अशी व्यवस्था केली. १९७५ साली जॉन व्हिटल यांच्या कार्यक्रमाने पत्ता पुन्हा न लिहिता उत्तर देण्याची सोय आणली. दरम्यान, १९७३ साली पत्राच्या माथ्यावर प्रेषक, विषय आणि दिनांक कसे लिहावेत याचे संकेत सुचविणारे एक टिपण निघाले. त्याच्या चार लेखकांपैकी एक, अभय भूषण, हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होत. ‘सीसी’ ही दोन अक्षरे तर टंकलेखकांच्या कार्बन कागदाचीच आठवण आहेत. ज्याने सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ हे शब्द वाचले आहेत, त्याला त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तरीही हे टपाल दीर्घकाळ साध्या इंग्रजी अक्षरांपुरतेच होते. १९९२ साली नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या पद्धतीने त्यात चित्रे, ध्वनी आणि इतर लिप्या यांना वाट मिळाली. सोबत कागद जोडण्याची आजची रीत तिचेच फळ होय. पुढे युनिकोड रूढ होईपर्यंत मात्र मराठी पत्रे बहुधा रोमन अक्षरांत लिहिली जात.

भारतात १९८६ पासून अर्नेट या योजनेद्वारे प्रथम शिक्षणसंस्था या जाळ्याशी जोडल्या गेल्या. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ला, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. पत्रपेटी आता एका यंत्राशी बांधलेली राहिली नाही. ज्याच्या घरी संगणक नाही, त्यालाही स्वतःचा पत्ता मिळाला.

हा पाठ स्वतः शिकणे का महत्त्वाचे, याचे उत्तर जुन्या टपालातच आहे. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसाबाहेर पत्रलेखक बसत. गावी पैसे धाडणारा कामकरी त्यांच्याकडून मनीऑर्डरचा फॉर्म भरून घेई आणि घरची सुखदुःखेही त्यांनाच सांगे. त्या लेखकांनी मोठी सेवा केली. पण अक्षर न येणाऱ्याचे गूज परक्याच्या कानावर पडल्यावाचून राहत नसे. आज बँकेची आणि निवृत्तिवेतनाची पत्रे ई-मेलने येतात. ती उघडण्यासाठी परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देणारा वृद्ध मनुष्य त्याच पायरीवर उभा असतो. किंबहुना त्याची जोखीम अधिक, कारण त्या शब्दाने सारी पेटीच उघडते, आणि त्याच्या नावाने पत्रही लिहिता येते.

म्हणून नवशिक्याने पहिले पत्र स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावे, ते आलेले पाहावे आणि त्याला उत्तर द्यावे. टॉमलिन्सन यांनीही चाचणीचे पहिले संदेश एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःलाच धाडले होते. त्यांत काय लिहिले होते, हे पुढे त्यांनाही आठवत नव्हते.