गावकुसाबाहेरचे आरोग्य आणि विम्याचे कार्ड

महाराष्ट्रातील आरोग्यसेवेचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो प्रामुख्याने इस्पितळांचा, साथींचा आणि सरकारी निर्णयांचा इतिहास आहे. कोणते रुग्णालय कधी उभे राहिले, कोणती लस कधी आली, याची नोंद त्यात सापडते. औषध आणि रोगी यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याची नोंद मात्र सापडत नाही. हे अंतर मैलांचे आहे, पैशाचे आहे, आणि या दोहोंच्याही आधी ते जातीचे आहे. आज आरोग्यविम्याचे कार्ड खेड्यापर्यंत आले आहे, तेव्हा हा प्रश्न आता सुटला असे मानणाऱ्यांची संख्या आपल्या शिकलेल्या वर्गातही वाढत आहे. म्हणूनच या इतिहासाकडे एकदा गावकुसाबाहेरून पाहणे मला आवश्यक वाटते.

मी ज्या मुलखाविषयी लिहितो आहे तो घनसावंगी तालुका जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला आहे. खाली गोदावरी, आणि गोदावरीपलीकडे बीड जिल्हा. पूर्वी हा भाग अंबड तालुक्यात मोडे, आणि अंबड निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले, त्यामुळे वाङ्मयाच्या इतिहासात या मुलखाचे नाव येते. इथले महारवाडे आणि मांगवाडे मात्र कोणत्याच इतिहासात येत नाहीत.

जुन्या गावगाड्यात रोगाचीही वाटणी जातीप्रमाणे झालेली होती. पटकीची साथ आली की मरीआईचा कोप झाला असे गाव मानी. मरीआईचा पोतराज मांग-महारांतला. साथ हाकलायची तर मरीआईचा गाडा शिवेपार नेण्याचे काम त्यांच्याच माथी. मेलेले ढोर ओढायचे त्यांनी आणि गावाचा रोग शिवेबाहेर न्यायचाही त्यांनीच. गावच्या आडावर मात्र त्यांचा पोहरा चालत नसे. ज्या माणसाला स्वच्छ पाणी नाकारले जाते त्याला रोग आधी होतो, हे समजायला वैद्यकशास्त्र लागत नाही. पण रोग झाला की तो त्याच्या घाणेरडेपणामुळे झाला असे म्हणायला गाव मोकळे होते.

माझी आजी आमच्या गावची सुईण होती. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिने कापली असेल. रात्री-अपरात्री बोलावणे येई आणि ती मागच्या दाराने आत जाई. मूल तिच्या हातात पडेपर्यंत शिवाशिव नसे. वार पुरून झाली की घर सारवून घेत आणि आजीच्या पदरात वरून ज्वारी टाकत. बाळ आडवे आहे की पायाळू आहे हे ती पोटावर हात ठेवून सांगे. या हातांजवळ पिढ्यानपिढ्यांचे ज्ञान होते. त्याला ज्ञान म्हणायला कोणी तयार नव्हते. पुढे दवाखान्यातली बाळंतपणे आली. ती आली हे चांगलेच झाले. पण दवाखान्याच्या खुर्चीवर बसलेली विद्या आमच्या आजीच्या हातून कधी काही शिकायला आली नाही, आणि त्या हातांना काही शिकवायलाही क्वचितच आली.

या संदर्भात १९२३ सालच्या एका ठरावाकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला हा ठराव आपण महाडच्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी म्हणून ओळखतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत एवढाच भाग आपल्या स्मरणात राहिला आहे. परंतु त्याच ठरावात शाळा, कचेऱ्या, न्यायालये यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यांचाही उल्लेख होता. पाणी आणि दवाखाना एकाच ठरावात आले, हे अगदी योग्य झाले. रोग होऊ नये म्हणून पाणी आणि झाल्यावर दवाखाना, ही एकाच हक्काची दोन टोके आहेत. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले तो मानवी प्रतिष्ठेचा लढा होता हे निर्विवाद; पण आरोग्याच्या इतिहासकाराने त्याची नोंद सार्वजनिक आरोग्याच्या लढ्यातही केली पाहिजे. अर्थात हा ठराव मुंबई इलाख्यापुरता होता. निजामाच्या अंबड तालुक्याला त्याचा वाराही लागला नाही.

दवाखान्याचे दार कायद्याने उघडले तरी पुढे काय होते, याचा एक दाखला बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत दिला आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. त्याची पत्नी बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांकडून रदबदली झाली, फीचे दोन रुपये कबूल झाले, तेव्हा रोगी वस्तीबाहेर आणला तर पाहीन, असे त्याने सांगितले. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. ती बाई वाचली नाही. मीही शिक्षक आहे, म्हणून हे पत्र मला अधिक जवळचे वाटते असेल. पण त्यातला मुद्दा व्यक्तिगत नाही. फीचे दोन रुपये त्या माणसाजवळ होते. त्याच्याजवळ जे नव्हते ते पैशाने मिळणारे नव्हते.

हा मुद्दा डोळ्यासमोर ठेवून १९४३ साल पाहिले पाहिजे. त्या एका वर्षात या देशाच्या आरोग्यविचाराला दोन वाटा फुटल्या. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या खात्याने औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी प्रा. बी. पी. आडारकर यांची नेमणूक केली. आडारकरांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. दुसरी वाट सर जोसेफ भोर यांच्या समितीची. १९४६ सालच्या भोर अहवालाने असे मांडले की खर्च झेपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. सेवा सरकारी तिजोरीतून द्यावी, ती खेड्याजवळ असावी, आणि रोग झाल्यावर धावण्याआधी तो होऊ नये याची तजवीज करावी.

पहिली वाट कामगाराच्या हिताची होती आणि तिचे मोल मोठे आहे. गिरणीतल्या दलित कामगारालाही तिचा लाभ मिळाला. पण ती कारखान्याच्या फाटकाशी थांबत होती. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांची यादी दिली. त्या यादीत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग होते, चहा होता, आणि गुळासह साखरही होती. मराठवाड्यातल्या भूमिहीनाच्या हाताला जे काम मिळते, ते नेमके या यादीतले. त्यातही ऊस तोडणारा तर कारखान्याचा कामगार म्हणूनही मोजला जात नव्हता. तो मुकादमाचा माणूस. म्हणजे आमच्या माणसांना उरली ती दुसरी वाट. ती पुरी बांधली गेली असती तर आजचा इतिहास निराळा झाला असता.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रांची सुरुवात झाली. मराठवाड्याला पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला मिळाले. तीस हजार लोकवस्तीला एक केंद्र, पाच हजारांना एक उपकेंद्र, असे प्रमाण पुढे ठरले. या प्रमाणात गाव एकसंध धरलेले आहे. पण पाच हजारांचे गाव म्हणजे एक गाव नसते. त्यात वेशीच्या आतले एक असते आणि बाहेरचे एक असते. माझ्या लहानपणी आमच्या गावात लस टोचण्याचा दिवस देवळाच्या सभामंडपात भरे. आमच्या बायका लेकरांना कडेवर घेऊन पायऱ्यांखाली थांबत. कोणी हाकलीत नव्हते. वर या असेही कोणी म्हणत नव्हते. नोंदवहीत मात्र लसीकरण गावात झाले असेच लिहिले जाई, आणि ते खोटेही नव्हते.

सरकार आमच्या वस्तीपर्यंत कधी आलेच नाही असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. देवीचा रोग एकही वस्ती वगळून संपणारा नव्हता, म्हणून लस टोचणारा मांगवाड्याच्या शेवटच्या झोपडीपर्यंत आला, आणि १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. पुढच्याच वर्षी, आणीबाणीत, जीपगाड्या पुन्हा गोरगरिबांच्या वस्त्यांत शिरल्या. त्या वेळी नसबंदीचे आकडे पुरे करायचे होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वाट नव्हती, माणूसबळ नव्हते, ही कारणे खरी नाहीत. राज्यसंस्थेला स्वतःची गरज वाटली तेव्हा ती वस्तीत पोचली. माणसाच्या गरजेसाठी पोचायचे तेव्हा ती वेशीत थांबली.

हे निराळ्या रीतीने करता येते, याचा पुरावा आमच्यापासून फार दूर नाही. गोदावरी ओलांडून बीड जिल्हा पार केला की जामखेड येते. तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. खेड्यातल्या निरक्षर वा अर्धसाक्षर बायकांना, त्यांत दलित बायकाही होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. गरोदर बाईची तपासणी, बालकाचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा ओळखणे, हे सारे त्या करू लागल्या. माझ्या आजीच्या हातांत जे होते त्याला तेथे प्रतिष्ठा मिळाली. आणखी एक गोष्ट तेथे घडली. पाण्यासाठी विंधनविहिरी घ्यायच्या तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला गेला. पाणी हवे असेल तर गावाने वस्तीत यावे. १९२३ च्या ठरावातली दोन टोके येथे पुन्हा एकत्र आली.

आता उसाकडे वळू. आमच्या तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली असते, त्यामुळे आजारपण म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड. कोपीत मोरी नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे हे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. मग कोणी सांगते, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. माझ्या मावशीची पिशवी तिशीत काढली गेली. पैसे मुकादमाकडून आले आणि पुढच्या दोन हंगामांत फिटले. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. ज्या दुखण्याला वेळेवर तपासणी, साधी औषधे, आंघोळीला आडोसा आणि चार दिवसांची पगारी विश्रांती पुरली असती, त्यातली कितीतरी दुखणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेली. जिथे प्रतिबंध नाही तिथे चाकू हाच उपचार होऊन बसतो.

अशा पार्श्वभूमीवर विमा आला. केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना २००८ साली आली. तिच्यात कुटुंबामागे वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण होते. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये जालन्यासह राज्यभर गेली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंतचे उपचार. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची पाच लाखांची योजना आली, आणि जून २०२३ मध्ये राज्यातील सर्वच कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला.

या योजनेची कुचेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. माझ्या वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया या कार्डावर झाली. शस्त्रक्रियेचे पैसे आम्हाला भरावे लागले नाहीत, आणि वडील आज हयात आहेत. ती नसती तर आमच्याकडे विकायला जमीनही नव्हती. पण शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी विचारले, रक्तदाब केव्हापासून आहे? याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा कधी कोणी बांधलाच नव्हता. कार्ड दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. ताप, खोकला, रक्तदाबाची रोजची गोळी, गरोदरपणातला अशक्तपणा, यांच्याशी त्याचा संबंध येत नाही. ज्या दिवशी माणूस कोसळतो त्या दिवशी ते जागे होते, आणि तेही शहरातल्या रुग्णालयात. तिथवर जाण्याचे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही.

महात्मा फुले यांचे नाव या योजनेला दिले हे औचित्याचेच झाले. पण त्या घराण्याचा आरोग्यविषयक वारसा कोणता, हे विसरता येणार नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगने आजारी मूल पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्या गेल्या. त्या वस्तीत गेल्या, आणि त्यांनी रोग्याला हात लावला. काठेवाडच्या त्या डॉक्टरला दोन रुपये घेऊनही जे जमले नाही, ते हे होते.

विमा फी भरतो. फी भरली जाणे ही लहान गोष्ट नाही, आणि तो हक्क सोडण्याचे कारण नाही. परंतु थर्मामीटर आणि रोगी यांच्यामधले हात फीने कमी होत नाहीत. त्यासाठी उपकेंद्र वस्तीच्या हाकेच्या अंतरावर लागते, त्यात रोज बसणारी परिचारिका लागते, मानधनाऐवजी पगार मिळणारी आशा लागते आणि ती वस्तीतलीही असावी लागते. उसाच्या फडापर्यंत जाणारी तपासणी लागते, आणि ज्याच्यावर कोणाची मालकी चालत नाही असे पाणी लागते. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. जे न्यायालयात मागता येत नाही ते चळवळीने मागायचे असते. आपली चळवळ शिक्षण आणि नोकरी यांविषयी जेवढ्या आग्रहाने बोलली, तेवढ्या आग्रहाने तिने आता उपकेंद्राच्या बंद दाराविषयी बोलले पाहिजे. पाणी आणि दवाखाना यांची मागणी एका ठरावात करणारी पिढी आपल्या आधी होऊन गेली आहे. तो ठराव अजून अमलात यायचा आहे.